चिंचेखालची जागा आणि भुईगिळे

"माझ्या अर्जापुढं फाशीचा दोरसुद्धा आपणहून गाठ सोडतो!" असं गयासमियाँ छातीवर हात ठेवून सांगायचे. ऐकणारा नवखा असेल तर दोनदा सांगायचे.

औरंगाबादच्या एका कचेरीसमोर जुनी चिंच होती. त्या चिंचेखाली सतरंजी टाकून गयासमियाँ अर्ज लिहीत बसायचे. राज्य निजामाचं, कचेरीचा कारभार सगळा उर्दूत आणि भोवतालच्या खेड्यांतला शेतकरी पडला मराठी! त्याचं गाऱ्हाणं मराठीत ऐकायचं आणि उर्दूत उतरवायचं, हा मियाँचा पिढीजात धंदा. त्यांचे वालिद याच जागी बसले, आजोबाही याच जागी बसले. शेतकऱ्यानं "बांध कोरला" एवढे दोन शब्द बोलावेत आणि मियाँनी त्याची चार पानं करावीत! पहिल्या तीन पानांत साहेबांना सूर्य, चंद्र, दर्या वगैरे करून झालं की चौथ्या पानावर शेवटच्या ओळीत बांध यायचा. तिथवर वाचेपर्यंत साहेबांना डुलकी लागायची, हा भाग वेगळा.

तर झालं काय, एका सोमवारी मियाँ दुपारच्या नमाजाला गेले आणि परत येऊन बघतात तो चिंचेखाली, बरोबर त्यांच्या सतरंजीवर, एक यान उतरलेलं! पुलावाच्या दोन देगा तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात तसं गोल, चकचकीत आणि कचेरीच्या फाटकाएवढं मोठं. त्यातून हिरवट रंगाचे उंच पाहुणे बाहेर आले. प्रत्येकाला हात सहा! त्यांच्या म्होरक्यानं आपल्या भाषेत तासभर काहीतरी ठणकावून सांगितलं. कचेरीचा चपराशी दाऊद फाटकात तंबाखू मळत उभा होता. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

"साहेब दौऱ्यावर हैत," दाऊद म्हणाला. "काय असंल ते लिहून द्या."

पाहुण्यांनी मग पहाऱ्यावरची एकुलती एक बंदूक नुसत्या नजरेनं वितळवली, तेव्हा कुठं शहराला कळलं की आपण जिंकले गेलो आहोत. हैदराबादला तार गेली. उलट तार आली, "तपशिलासह कळवा." तपशील कळवणार कोण? साहेब दौऱ्यावर!

लोक दोन दिवस घाबरले, तिसऱ्या दिवशी बाजारात गेले. पण गयासमियाँ काही बाजारात गेले नाहीत. जग गेलं तर गेलं, माझी जागा गेली! भिंतीच्या कडेला बसून बघितलं तर ऊन डोक्यावर, दौतीतली शाई वाळायची. नाल्याकाठी बसून बघितलं तर गिऱ्हाईक फिरकायचं नाही. गयासमियाँ म्हणजे चिंच आणि चिंच म्हणजे गयासमियाँ, असंच लोकांच्या डोक्यात होतं.

घरी बायको, अनवरी. तिचं माहेर खुलताबादचं आणि बालपण सगळं मळ्यात गेलेलं. त्यामुळं ती लाड दखनीत करायची आणि भांडायची मराठीत. त्या आठवड्यात घरात नुसतं मराठी चाललं होतं.

"फाशीचा दोर सोडवता म्हणं! बुडाखालची सतरंजी तेवढी सोडवून आणा की!"

"आणतो ना! एक अर्ज, फक्त एक अर्ज! पाहुणे सहा हात जोडून जागा मोकळी करतील!"

आता पाहुण्यांची भाषा. मियाँच्या सतरंजीखाली वीस वर्षांचे मसुदे दडपलेले होते. कागदाच्या एका बाजूला शेतकऱ्याचं मराठी बोलणं, दुसऱ्या बाजूला त्याचं नटवलेलं उर्दू. पाहुण्यांनी तेवढ्यावरच दोन्ही भाषा शिकून टाकल्या! पण शिकले अर्जांवरून, त्यामुळं बोलायला लागले तेही अर्जासारखेच. अर्जात स्वतःला 'मी' म्हणण्याची सोय नसते. 'फिदवी' म्हणायचं, म्हणजे आपला पामर सेवक. म्होरक्या फाटकाशी आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "फिदवी अर्ज करतो की, फिदवीनं आपली पृथ्वी जिंकलेली आहे. मेहेरबान होऊन कबूल व्हावं!"

या म्होरक्याचं नाव म्हणजे घशात माशाचा काटा अडकल्यावर निघतो तो आवाज. कुणी खाकरलं की तो वळून "हुजूर?" म्हणायचा. गारखेड्याची दगडाबाई बांधाच्या अर्जासाठी महिनाभर कचेरीला खेटे घालत होती. तिनं त्याचं नाव खाकरेसाहेब पाडलं आणि तेच रूढ झालं.

तर दुसऱ्या शनिवारी सकाळी गयासमियाँ आपला ऐतिहासिक अर्ज घेऊन चिंचेपाशी पोचले. बघतात तो खाकरेसाहेब पिवळेधमक पडलेले! यानाच्या पायरीवर बसून सहाही हातांनी डोकं धरलं होतं.

"काय झालं खाकरेसाहेब? कावीळ?"

"हुजूर," खाकरे म्हणाला, "फिदवी बरबाद झाला. उद्या भुईगिळे येत आहेत."

मग त्यानं सगळी कहाणी सांगितली. भुईगिळे म्हणजे नावाप्रमाणंच! येतात, आख्खी जमीन गिळतात, ढेकर देतात आणि पुढच्या जगाला लागतात. सात जगं गिळून झाली होती. सहावं खाकऱ्याचं.

"आमचं घर गेलं हुजूर. मळे गेले. राहायला जागा नव्हती म्हणून फिदवीनं आपलं जग जिंकलं. ते माग काढत आता इथंही येत आहेत. त्यांच्यावर फिदवीचं कोणतंच हत्यार चालत नाही."

सहा डोळ्यांना... नाही, डोळे दोनच होते, पण पाणी सहा डोळ्यांचं वाहत होतं. गयासमियाँना वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. आपण एका सतरंजीसाठी आठवडाभर झोपलो नाही आणि या बिचाऱ्याची तर आख्खी जमीन गेली!

"पण कुणाला ऐकतात का ते? पीर, फकीर, कोतवाल?"

"फक्त कागदाला! बिनकागदाची जमीन त्यांना पचत नाही. पोटात गोळा येतो. म्हणून जिथं जातात तिथली रीत विचारतात, तिथल्या रीतीनं अर्ज देतात, मंजुरी घेतात आणि मग गिळतात. जे सांगाल ते अक्षराला धरून करतात. आमच्याकडं लोक भोळे होते. भुईगिळ्यांनी अर्ज दिला, आम्ही त्याच दिवशी मंजूर केला."

"त्याच दिवशी?" गयासमियाँना धक्काच बसला. "त्याच दिवशी अर्ज मंजूर करणारं राज्य बुडणारच हो!"

आणि त्यांची छाती पुन्हा फुगली. जिथं कागद आला तिथं गयासमियाँ आले! "खाकरेसाहेब, मी त्यांच्या अर्जावर उज्रदारी दाखल करतो. उज्रदारी म्हणजे हरकत. अशी हरकत की भुईगिळे सात पिढ्या वाचत बसतील! पण माझी एक अट. भुईगिळे गेले की ही जागा माझी मला परत द्यायची."

"कबूल! कबूल! कबूल!" खाकरे म्हणाला. करार झाला म्हणून दोघांनी हातात हात दिले. तिकडं सहा आणि इकडं दोन, त्यामुळं हे काम बराच वेळ चाललं.

दिवसभर मियाँ लिहीत होते. खाकऱ्यानं चार हातांनी चार बाजूंनी सावली धरली, पाचव्यानं दौत, सहाव्यानं पंखा. अकरा पानं झाली! त्यातली साडेदहा पानं अदब आणि अलकाब, म्हणजे नुसत्या पदव्या. गारखेड्याहून आलेल्या दगडाबाईनं मध्येच विचारलं, "मियाँभाई, माझ्या बांधाचं तेवढं..."

"दगडाबाई, इथं जग गिळायला लागलेत आणि तुम्हाला बांधाचं पडलंय!"

"जग गिळलं तर माझा बांध काय वर राहणार हाय का? आधीच निम्मा शेजाऱ्यानं गिळलाय!"

रविवार उजाडला. अकराच्या सुमाराला आभाळ एकदम करडं झालं आणि कचेरीवर एक काळं, लांबट, दाराएवढ्या तोंडाचं यान येऊन थांबलं. ते तोंड मिटत होतं आणि उघडत होतं. त्यातून तिघं भुईगिळे खाली उतरले. अंगानं किरकोळ, कपडे इस्त्रीचे, काखेत फायली! खाकरे चिंचेच्या बुंध्यामागं लपला, पण हात सहा असल्यामुळं दोन्हीकडून दिसत राहिला.

गयासमियाँ पुढं झाले. आवाज खणखणीत लावला. "बखिदमत, फलक-मर्तबत, दर्यादिल, आली-जनाब..."

भुईगिळे अदबीनं थांबले. पहिलं पान झालं. दुसरं पान झालं. तिसऱ्या पानावर मियाँ अजून सूर्याशीच होते, तोवर म्होरक्या भुईगिळ्यानं घड्याळात बघितलं आणि सरळ फाटकाकडं चालू लागला.

"अहो, ऐका ना! हरकत अजून यायचीय! अकराव्या पानावर आहे!"

भुईगिळा फाटकात जाऊन उभा राहिला. तिथं दाऊद नुकताच डबा सोडायला बसला होता. भाकरी, वर मिरचीचा ठेचा.

"नमस्कार," भुईगिळा शुद्ध मराठीत म्हणाला. "आम्हाला ही पृथ्वी गिळायची आहे. इथली रीत काय?"

दाऊदनं घास हातात धरून वर बघितलं. वीस वर्षांची नोकरी! इतक्या वर्षांत जेवणाच्या वेळेला जो कुणी आला, त्याला दाऊदनं एकच उत्तर दिलं होतं. ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

"परवा या."

झालं! गयासमियाँच्या हातातून अकराही पानं गळून पडली. "अरे दाऊद! काय केलंस हे? दोन दिवसांची मुदत दिलीस! परवा मंगळवारी येतील आणि आपल्याला गिळून मोकळे होतील! माझं अकरावं पान..."

पण भुईगिळ्यानं खिशातून एक यंत्र काढून त्यात 'परवा' हा शब्द शोधला. दोन अर्थ निघाले. पहिला, गेलेला दिवस, कालच्या आधीचा. दुसरा, येणारा दिवस, उद्याच्या नंतरचा. आता मराठीत परवा म्हणजे मागचाही परवा आणि पुढचाही परवा. आपण त्यात कधी गोंधळत नाही, कारण आपल्याला मागं जाताच येत नाही. पण भुईगिळ्यांचं यान काळातही मागंपुढं चालायचं! मागं जाता येत असताना दोन दिवस खोळंबून कोण बसणार? त्यांनी पहिला अर्थ धरला, "आभारी आहोत" म्हणाले, यानात चढले आणि दिसेनासे झाले. आभाळ पुन्हा निळं झालं.

सगळे वर बघत राहिले. मग दाऊदनं एकाएकी कपाळावर हात मारला.

"अय्यो, आता आठवलं! परवा जुम्म्याला हीच तिघं आलती की! शुक्रवारची कचेरी बंद, म्या फाटकात आडवा झालतो. म्हणलं, आज सुट्टी हाय, परवा या."

"मग?"

"मग बुधवारी आलती! साहेब दौऱ्यावर. म्हणलं परवा या." दाऊद आठवत गेला, तसतसा त्याचा चेहरा उजळत गेला. "सोमवारी पेशकारसाहेबाच्या मेव्हणीचं लगीन. परवा या! त्याच्या आधी शनिवारी शाई संपलीती. परवा या! त्याच्या आधी..."

"फिदवीलाही आत्ताच आठवलं!" खाकरे झाडामागून ओरडला. "बुधवारी फिदवी सावलीत झोपला होता तेव्हा अंगावरून कुणीतरी गेलं होतं!"

दर दोन दिवसांनी मागं, दर दोन दिवसांनी मागं! दाऊद चपराशी झाला त्याच्याही मागं गेले. मग कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनांना आठवायला लागलं. मग गयासमियाँना आपल्या आजोबांची गोष्ट आठवली. चिंच रोपाएवढी होती तेव्हा काखेत फायली घेतलेले तिघं आले होते आणि तेव्हाच्या चपराश्यानं त्यांना तेच सांगितलं होतं. राज्य बदलत गेलं, पगड्या बदलत गेल्या, कचेरीचं उत्तर तेवढं बदललं नाही! खाकऱ्यानं आपल्या यंत्रात बघितलं तेव्हा भुईगिळे मलिक अंबरच्या कारकुनापाशी पोचले होते आणि तो नेमका नहरीच्या कामावर गेला होता.

"गेले!" खाकरे ओरडला. "हुजूर, आता ते परत येत नाहीत!"

मग जो जल्लोष झाला तो विचारू नका. आता खरं बघायला गेलं तर सगळं श्रेय दाऊदचं आणि दाऊदच्या भाकरीचं. पण दाऊद जेवायला बसला होता आणि गयासमियाँ मोकळे होते. लोकांनी अकरा पानं हातात घेतलेला माणूस बघितला आणि त्यालाच खांद्यावर घेतला. मियाँनी "अहो, मी काय केलं" असं एकदाच म्हणून बघितलं. कुणी ऐकलं नाही, तेव्हा पुन्हा म्हटलं नाही.

संध्याकाळपर्यंत मियाँच्या घरासमोरचा ओटा माणसांनी भरला. हार आले, सरबत आलं. अनवरी पंधरा दिवसांत पहिल्यांदा दखनीत बोलली. "अजी, थक गए हुंगे, जरा टेको ना!" मियाँ लोडाला टेकून, डोळे अर्धे मिटून सांगत होते, "माझ्या पहिल्याच पानाला म्होरक्याचा रंग उडाला! दुसऱ्या पानाला घाम! तिसऱ्याला तर..."

एवढ्यात गर्दीतून वाट काढत कुणीतरी समोर येऊन वाकलं.

"हुजूर, फिदवीचा अर्ज आहे..."

मियाँ तिसऱ्या पानावर होते. ऐन रंगात कुणी अर्ज आणला की अर्जनवीसही कचेरीतल्या माणसासारखाच वागतो, संगतीचा गुण! मियाँनी डोळे न उघडताच हात हलवला.

"परवा या."

खाकरेसाहेब वाकला, "जो हुकूम" म्हणाला आणि परत गेला. तो जागा परत करायला आला होता! यान हलवून गारखेड्याच्या माळावर नेऊ का, एवढंच विचारायचं होतं त्याला. त्याचं यान काळात मागं जात नव्हतं, त्यामुळं त्याच्यापुढं एकच परवा होता. तो चिंचेखाली जाऊन वाट बघत बसला.

सोमवारी सकाळी दगडाबाई आली. गयासमियाँ नाहीत! ते बेगमपुऱ्यात सत्काराला गेले होते. चिंचेखाली खाकरे रिकामा बसलेला.

"खाकरेसाहेब, तुमाला लिवता येतं का?"

"फिदवीला वीस वर्षांचे मसुदे पाठ आहेत, बाई."

"मंग माझ्या बांधाचं लिवा की बाबा! भाकरी देते."

खाकऱ्यानं सहा हातांत सहा टाक धरले. एका दमात मूळ अर्ज आणि पाच नकला! एका पानाचा अर्ज, आणि बांध पहिल्याच ओळीत. साहेब त्याच दिवशी दौऱ्याहून परतले होते. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा डुलकी लागायच्या आत बांध सापडला. त्यांनी तिथल्या तिथं मोजणीचा हुकूम काढला!

ही बातमी गारखेड्याला पोचायला दगडाबाईच्या तोंडाशिवाय दुसरं काही लागलं नाही. मंगळवारी, म्हणजे बरोबर परवा, गळ्यात कालचा हार घालूनच गयासमियाँ चिंचेपाशी आले, तर समोर चाळीस माणसांची रांग! यान मागं भिंतीशी सरकवून ठेवलेलं, सतरंजी झटकून अंथरलेली आणि तिच्यावर खाकरेसाहेब. हात दिसत नव्हते इतके चालत होते.

"खाकरेसाहेब! माझी जागा!"

"मियाँभाई, लायनीत हुभं ऱ्हावा," मागून दगडाबाई म्हणाली. तिचा यावेळी विहिरीचा अर्ज होता. "समद्यांचीच कामं हैत!"

मियाँ रांगेत उभे राहिले. ऊन चढलं, हार सुकला. चाळीस माणसांनंतर नंबर आला, तोवर मागं आणखी चाळीस लागले होते. खाकरे धडपडून उठला आणि सहाही हात जोडले.

"हुजूर, आपला हुकूम झाला म्हणून फिदवी दोन दिवस थांबला. आता एवढ्या लोकांना शब्द देऊन बसला. यांना सोडून फिदवी कसा जाणार? पण करार तो करार. जागा तुमची! तुम्ही म्हणाल तिथं बसा."

मियाँनी रांगेकडं बघितलं. रांगेनं मियाँकडं बघितलं. खाकऱ्याला उठवलं असतं तर त्या चाळीस जणांनी मियाँना भुईगिळ्यांच्या मागं मलिक अंबरापर्यंत धाडलं असतं. त्यांनी घसा साफ केला, खाकरे "हुजूर?" म्हणाला, आणि पुढचं बोलणं दोघांत हळू आवाजात झालं.

घरी आले तेव्हा अनवरी दारातच उभी होती. मियाँच्या बोटांना शाई नव्हती, पण तळहात टिपकागदानं ओली शाई टिपून टिपून निळे झाले होते. तिनं ते बघितलं आणि सरळ मराठीत विचारलं.

"मिळाली का जागा?"

"मिळाली की! चिंचेखालीच मिळाली."

"चिंचेखाली कुठं?"

मियाँनी चपला काढल्या. नीट जोडून ठेवल्या. पुन्हा एकदा नीट केल्या.

"खाकरेसाहेबांच्या हाताखाली."

"कोणत्या?"

"तिसऱ्या," गयासमियाँ म्हणाले.